आधी डिस्क, मग बाकीचं

गोंदियापासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या सेवा केंद्रांत, राइस मिलच्या काउंटरवर संगणकाचा एक छोटा काळा डबा हमखास दिसतो. ऑप्टिप्लेक्स, नाहीतर थिंकसेंटर. बहुतेकदा कुठल्या तरी कंपनीने काढून टाकलेला. दहा वर्षांचा झाला तरी चालतो.

सुरू व्हायलाच काय तो वेळ लागतो.

समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रोजी बुडवून आलेला माणूस उभा. त्याच्या मजुरीचा हिशेब कोण करणार?

दुकानात गेलात की उत्तर तयार: ‘नवाच घ्या.’ नाहीतर ‘आय-सेव्हन टाका.’ डबा उघडूनही न बघता?

त्यापेक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. रोजचं काम चालू ठेवा आणि १०० टक्के कुठे लागतात ते बघा. डिस्कवर लागत असतील तर तिथेच घोडं अडलंय. जुनी हार्डडिस्क सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या पुढे. फाइली विखुरलेल्या असल्या तर फरक याहून कितीतरी मोठा.

पहिला पैसा इथेच घाला. दुसरा नंतर बघू.

मेमरी भरलेली दिसली तर रॅम. चार जीबीची आठ करा. ब्राउझर, प्रिंटर आणि पीडीएफ एकत्र चालवायला तेवढी पुरते. पण या छोट्या डब्यांना लॅपटॉपची रॅम लागते आणि डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. आतलं लेबल वाचूनच घ्या. भावही आता पूर्वीचे नाहीत. एआयची डेटा सेंटरं चिप उचलतायत आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. गरज नसताना सोळा जीबी कशाला?

प्रोसेसरच तापून धापा टाकत असेल तर?

तर आधी झाकण काढा. मिलचा कोंडा आणि रस्त्याची धूळ मिळून पंख्यावर नमदा बसलेला असतो. वर उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा, वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावा. तारीख रोज मागे जात असेल तर सीआर-२०३२ चा सेल बदला. एवढ्यावर कित्येक ‘मेलेले’ डबे उठतात.

ग्राफिक्स कार्डाचं नावच काढू नका. यातल्या बहुतेक डब्यांत त्याला जागा नाही आणि ६५ वॅटच्या अडॅप्टरला ते झेपणारही नाही.

आता खरी मेख. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पुढे तेही नाहीत. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. तुमचा चौथ्या-सहाव्या पिढीचा असेल तर एसएसडीवर थांबा. ती उद्या दुसऱ्या डब्यात जाईल. प्रोसेसरवर घातलेला पैसा मात्र बुडाला.

आणि काढलेली हार्डडिस्क भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात अख्ख्या गावाची आधार कार्डं आणि पासबुकं स्कॅन होऊन पडलेली आहेत. नुसतं डिलीट करून ती जात नाहीत. पूर्ण पुसा, नाहीतर हातोडा घ्या.