कुलाब्याचे पाहुणे

मांडव्याच्या जेटीवरून सुटलेल्या कॅटमरानला अपोलो बंदर गाठावयास सुमारे एक तास लागतो. या तासात सहप्रवासी समुद्रपक्ष्यांना कुरकुरे चारण्यात दंग असताना आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवसाच्या मोहिमेचा जो मसुदा सिद्ध केला, त्यात स्थळदर्शनाची कलमे थोडी आणि भोजनाची पुष्कळ होती. घरी जे रांधले जाते ते परगावी खावयाचे नाही, हे पहिले कलम. सबब मासळी वर्ज्य. पिशवीत पांढरा कांदा असलाच पाहिजे, हे दुसरे. कारण २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून अलिबागच्या त्या कांद्याकडे त्या, बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाकडे पाहावे तशा कौतुकाने पाहतात.

माझी विवंचना निराळी होती. मुंबईत कोणी जरा भांबावलेला दिसला की, ‘अलिबागहून आलायस का?’ असे त्यास विचारण्याची जुनी वहिवाट आहे. या प्रश्नास मनाई व्हावी म्हणून उच्च न्यायालयात गुदरलेला अर्ज, थट्टा सर्वांचीच होते, ती मनाला लावून घेऊ नये, अशा अर्थाच्या अभिप्रायानिशी २०१९ साली फेटाळला गेला, तेव्हापासून आम्हां अलिबागकरांची मदार स्वतःच्या हिकमतीवरच आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. तत्पूर्वी तो कुलाबा जिल्हा होता, आणि माझ्या जन्मदाखल्यावर तशी नोंद असल्यामुळे, टॅक्सीवाल्याने कोठले म्हणून विचारताच ‘कुलाब्याचे’ असे मी दप्तरी पुराव्यानिशी सांगू शकतो. सौभाग्यवती मात्र त्याच क्षणी, ‘अलिबागचे हो!’ असे खणखणीत आवाजात जाहीर करून मोकळ्या होतात.

बंदराच्या पायऱ्या चढून वर येताच गेटवे ऑफ इंडियाची माहिती सांगण्याचे कर्तव्य मी बजावले. पंचम जॉर्ज १९११ साली येथे उतरले तेव्हा कमान बांधून झालेली नव्हती, त्यांच्यापुढे पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी करण्यात आली होती. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची खरी कमान पुरी होण्यास १९२४ साल उजाडले, आणि बादशहा काही ती पाहावयास पुन्हा आले नाहीत. ‘म्हणजे राजाला पुठ्ठ्याची नि आपल्याला दगडाची,’ सौभाग्यवती समाधानाने म्हणाल्या आणि कमानीशी पाठ करून भेळवाल्याकडे वळल्या.

राजाबाई मनोऱ्यापाशी त्या अंमळ रेंगाळल्या. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातेच्या नावे द्रव्य दिले, १८७८ साली मनोरा पुरा झाला. त्या मातोश्री दृष्टिहीन व जैनधर्मीय असल्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ त्यांना घंटेवरून कळावी, असा त्यामागे हेतू होता, अशी आख्यायिका आहे. ‘तुम्हाला अशी घंटा कधी लागली नाही,’ एवढाच शेरा मारून त्या चालू लागल्या.

धोबीतलावच्या कयानीत ब्रून मस्का चहात बुडवीत असता मी आमच्या गावाची प्रतिष्ठा सावरण्याचा प्रयत्न केला. हे उपाहारगृह १९०४ चे. त्याच साली मुंबईच्या कुलाब्यातील चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविण्यात आली, कारण मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले होते आणि त्या विजेने तेथील नाजूक सुया बिथरतील असे शास्त्रज्ञांस भय होते. भांबावणारी मुंबई, स्थिरचित्त अलिबाग, हे सरकारदरबारी सिद्ध झाले आहे, असे मी म्हणालो. ‘अहो, मस्का गळतोय,’ सौभाग्यवती म्हणाल्या.

गिरगावातील एका जुन्या खानावळीत मात्र पहिल्या कलमाने पेच निर्माण केला. वालाचे बिरडे, सोलकढी, तळलेली सुरमई, भरली वांगी, फळ्यावरील एकूण एक पदार्थ घरी होणारा. पनीर मागितले, तेव्हा वाढप्याने आम्ही त्याच्या कुळाचा उद्धार केल्यासारखा चेहरा केला. अखेर ‘घरचे म्हणजे आपल्या घरचे, दुसऱ्याच्या घरचे नव्हे,’ अशी दुरुस्ती जागच्या जागी मंजूर होऊन सुरमईची दोन ताटे आली. त्यातला लाल कांदा सौभाग्यवतींनी बोटाने दूर सारला, पिशवीतून पांढरा काढला आणि संगमरवरी टेबलावर ठेवून अशा बुक्कीने फोडला की शेजारच्या चार ताटांवरचे हात थांबले.

बिलात ‘जादा कांदा’ अशी रक्कम लागलेली पाहताच त्या तडक गल्ल्यावर गेल्या आणि उरलेला अर्धा कांदा पुरावा म्हणून मालकांपुढे रुजू केला. मालकांनी त्याची एक पाकळी तोंडात टाकली, क्षणभर डोळे मिटले आणि अत्यंत आदराने विचारले, ‘अलिबागहून आलात का?’

‘कुलाब्याचे,’ मी सवयीने म्हणालो.

‘अरेरे! मग हा कांदा कुठला?’ मालक हिरमुसले.

सौभाग्यवतींनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, पिशवीतले उरलेले दोन कांदे गल्ल्यावर मांडले, आणि जादा कांद्याची रक्कम मालकांच्याच हस्ताक्षरात खोडून घेतली.