लाइटनिंग कॉल कोणाचा?

जबलपूरच्या माणसाला टेलिफोन शिकवायला जाऊ नये. रिज रोडवरचं दूरसंचार प्रशिक्षण केंद्र १९४२ सालचं. आता त्याला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. खात्यातले इंजिनिअर देशभरातून इथे येऊन शिकून गेले. राइट टाउनात टेलिकॉम फॅक्टरी आहे, आणि लष्कराच्या सिग्नल्सचे जवानही याच शहरात घडतात. त्यामुळे इथल्या मराठी घरांत, निदान आमच्या ओळखीच्या घरांत, एक तरी निवृत्त 'टेलिफोनवाले काका' असतातच. त्यांच्यासमोर इंटरनेटवरून फोन बसवायचा विषय काढला, की चहा दोनदा ठेवावा लागतो.

काकांचा मुद्दा चुकीचा नसतो. "आमच्या वेळी दोघं बोलायला लागले की लाइन त्यांची. मधे परमेश्वरसुद्धा नाही!" भेडाघाटला अख्खी नाव ठरवून बसावं तसा तो कारभार होता. तुम्ही गप्प बसलात तरी नाव तुमचीच, आणि भाडंही चालूच. इंटरनेटवर मात्र आवाजाचे बहुधा २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. नातवाचा गेम, सुनेची मीटिंग, फाटकावरचा कॅमेरा, अशा गर्दीतून त्या पाकिटांनी वाट काढायची.

मग घरोघरी पहिला उपाय होतो तो मोठा प्लॅन घ्यायचा. यात विक्रेत्याचं भलं होतं, फोनचं होत नाही. चांगल्या प्रतीच्या आवाजाला, वेष्टणासकट, एका दिशेला १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर हिशेबाने हजार जण एकदम बोलू शकतील. एवढे नातेवाईक बोलायच्या संबंधात उरलेत कोणाचे?

दुखणं रुंदीत नाही, रांगेत आहे. कोणीतरी लग्नाचे फोटो वर चढवायला घेतो, राउटरच्या तोंडाशी रांग लागते आणि आत्याचं "कशी आहेस गं" त्या फोटोंच्या मागे उभं राहतं. फोटो दोन सेकंद उशिरा पोचला तर त्याचं काही जात नाही. आवाजाचं उलट. एखादं पाकीट हरवलं तर कान ते सांभाळून घेतो, पण उशिरा आलेलं पाकीट फेकूनच द्यावं लागतं. काही लवकर, काही उशिरा, असं होऊ लागलं की आत्या पाण्याखालून बोलतेय असं वाटतं.

यावरचा उपाय ऐकून काका खुर्चीत सरसावून बसतात, कारण तो त्यांचाच आहे. ट्रंक कॉलच्या काळात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर्जे होते. लाइटनिंगला पैसे कितीतरी पट, पण बाकीचे थांबायचे. आजच्या राउटरमध्ये याच गोष्टीला क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात. आवाजाच्या पाकिटावर ४६ हा आकडा असला की समजून घ्यायचं, हा लाइटनिंग कॉल, याला पुढे जाऊ द्या. ही व्यवस्था घराच्या भिंतीपर्यंतच. पुढे रस्त्यावर तुमचा ४६ कोणी विचारेल याची खात्री नाही. पण बहुतेक वेळा गर्दी घरातच झालेली असते.

खरी पंचाईत तंत्राची नाहीच. पुढे सोडायच्या यादीत पहिला नंबर कोणाचा, हे ठरवताना घरातलं राजकारण उघडं पडतं. सुनेची मीटिंग पोटापाण्याची, नातवाचा क्लास भविष्याचा, आणि आजोबांचं कीर्तन तर थेट परलोकाचं. सगळ्यांना समान वागवणं ही इंटरनेटची मोठी शान. मला ती मान्यही आहे. पण समानता न सोसणारा एकच प्राणी त्यावर राहतो, तो म्हणजे माणसाचा आवाज. माझं मत स्पष्ट आहे : बोलणाऱ्याला पुढे जाऊ द्यावं, मग तो कोणीही असो.

अंतराला मात्र इलाज नाही. जबलपूर ते न्यू जर्सी सरळ रेघ मारली तरी सुमारे १२ हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाशालाही साठेक मिलिसेकंद लागतात, आणि समुद्रातली केबल सरळ रेघेत जात नाही. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. त्यापलीकडे गेलं की दोघंही एकदम बोलतात, दोघंही एकदम थांबतात, आणि "तू बोल", "नाही, तू बोल" सुरू होतं. एकमेकांचं वाक्य तोडल्याशिवाय ज्यांचं बोलणं पुढे सरकत नाही, अशा आपल्या घरांत एवढी सभ्यता दुसऱ्या कुठल्याही मार्गाने आली नसती.

नव्या फोनमध्ये आणखी एक गंमत आहे. बोलणं थांबलं की पाकिटं पाठवणंही थांबवता येतं, पण मग इतकी शुद्ध शांतता पसरते की माणूस "हॅलो, हॅलो" करू लागतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या कानात मुद्दाम हलकी खरखर तयार करून घालतात. जी खरखर घालवण्यात काकांच्या पिढीची हयात गेली, ती आता कंपन्या बनवून देतात. हे सांगितल्यावर काका बराच वेळ हसतात.

आणि मग पंखा बंद पडतो, कारण लाइट जाते. इथे काका जिंकतात. जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट घरी यायचे. शहर अंधारात असलं तरी फोन जिवंत. फायबरमधून वीज येत नाही, त्यामुळे त्याचा घरातला डबा बंद तर फोन बंद.

तेव्हा बसवणार असाल तर एवढं करा : घरातला फोन वायफायवर न ठेवता केबलने जोडा, आवाजाला रांगेत पुढे काढा, आणि फायबरचा डबा व राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. पोलीस किंवा अँब्युलन्स बोलवायची वेळ आली तर मात्र कुठल्याही ॲपच्या भरवशावर राहू नका. ११२ साध्या मोबाइलवरून लावा.