बोनेरवर कायमचे राहू इच्छिणाऱ्या डायव्हरांसाठी नियमावली

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचं लहानसं बेट आहे. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सची ‘विशेष नगरपालिका’ आहे. व्यवहार मात्र अमेरिकी डॉलरमध्ये चालतो. त्यामुळे डच आणि अमेरिकी या दोघांनाही आपण परदेशात आहोत याचा फारसा त्रास होत नाही. दरवर्षी आठवड्याच्या सुट्टीवर आलेले काही स्कूबा डायव्हर इथंच मुक्काम ठोकायचं ठरवतात. त्यांच्या सोयीसाठी पुढील नियम दिले आहेत.

१. वाहन. जुनी पिकअप घ्यावी. गंज जितका जास्त, तितकी इभ्रत मोठी. बेटावर वाहतुकीचे सिग्नल नाहीत. रस्त्यात मध्येच उभं राहिलेलं गाढव हाच काय तो लाल दिवा. डुबकीची ठिकाणं शोधायला नकाशा लागत नाही, रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड असतात आणि त्यांवर नावं लिहिलेली असतात. पाण्यात उतरताना गाडीत काहीही ठेवू नये, काचा खाली कराव्यात आणि दारं उघडी सोडावीत, म्हणजे चोराला काच फोडण्याचे कष्ट पडत नाहीत. या व्यवस्थेला बेटावरचं निवांत जीवन म्हणावं.

२. व्यवसाय. प्रशिक्षक व्हावं. घरच्यांना फोटो फक्त पाण्याखालचे पाठवावेत. उरलेला दिवस टाक्या भरण्यात, वेटसूट धुण्यात आणि पोटाचा घेर मान्य नसलेल्या पर्यटकाला योग्य मापाचा पट्टा सुचवण्यात जातो, ते कळवू नये. ‘थाउजंड स्टेप्स’ या ठिकाणी प्रत्यक्षात शंभर पायऱ्याही नाहीत. पाठीवर टाकी घेऊन वर येताना मात्र नावात काही चूक वाटत नाही.

३. पुराणकथा. कॅप्टन डॉन स्टुअर्ट हा अमेरिकी माणूस १९६२ साली शिडाच्या जहाजातून इथं आला आणि पुढे प्रवाळ वाचवण्याच्या मागे लागला, ही कथा पाठ असावी. ती सांगताना आपण त्याच जहाजात होतो असा सूर लागला पाहिजे. बेटाभोवतीचं सागरी उद्यान १९७९ सालचं आहे. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचं सगळं पाणी त्याच्या हद्दीत येतं. नवख्यासमोर ‘उद्यान’ न म्हणता ‘आमचं उद्यान’ म्हणावं.

४. स्पर्श. उद्यानात हातमोजे घालायला बंदी आहे. हात उघडे असले की माणूस प्रवाळाला धरायला धजत नाही. चांगला डायव्हर तळाला टेकत नाही, वर उसळत नाही, कशाला हात लावत नाही आणि काही उचलत नाही. नुसता अधांतरी राहून बघतो. ही बॉयन्सी एकदा साधली की जमिनीवरही तशीच राखावी.

५. भाषा. लोक पापियामेंतू बोलतात. ‘बॉन दिआ’ आणि ‘दांकी’ एवढ्यावर दहा वर्षं सहज निघतात. वाचलेली बुद्धी माशांकडे वळवावी. पॅरटफिशच्या जाती, त्यांच्या पिल्लांचे रंग, वयात आल्यावर बदलणारे रंग, सगळं तोंडपाठ हवं. कुंपणापलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याचा उल्लेख ‘बकऱ्यांवाले काका’ असा केला तरी चालतो.

६. इतिहास. दक्षिण टोकाला मिठागरांच्या कडेला दगडी झोपड्या आहेत. १८५० च्या सुमारास बांधलेल्या या झोपड्यांत मीठ काढणारे गुलाम झोपत. दारं इतकी ठेंगणी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. त्यांची बायकापोरं दूर उत्तरेला रिंकोन गावात असत आणि घर गाठायला तासन्तास चालावं लागे. १८६३ साली गुलामगिरी संपली. आज तिथल्या डुबकीच्या ठिकाणांची नावं ‘रेड स्लेव्ह’ आणि ‘व्हाइट स्लेव्ह’ अशी आहेत. या नावांनी मन अस्वस्थ झालंच, तर लॉगबुक उघडावं. त्यात खोली, वेळ आणि पाण्याची स्वच्छता यांचे रकाने असतात, अस्वस्थतेचा नसतो. शिवाय झोपड्यांपाशी गाडी लावायला ऐसपैस जागा आहे.

७. तक्रार. सहा महिने झाले की ‘बेट आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं म्हणायला सुरुवात करावी. पूर्वी म्हणजे आपण आलो तो दिवस. क्रूझ जहाजं, नवी बांधकामं, वाढती घरभाडी या सगळ्याचं खापर बाहेरून येऊन राहणाऱ्यांवर फोडावं. हे बोलताना स्वतःला स्थानिकांत धरावं. स्थानिक माणूस मैफलीत नसतोच, त्यामुळे हरकत कुणी घेत नाही.

८. निरोप. प्रवाळ आजारी पडलं, भाडं परवडेना किंवा गुडघे बोलू लागले, तर परतीचं तिकीट काढावं लागतं. लागोपाठ डुबक्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहायचं असतं. नाहीतर रक्तात आणि ऊतींत मुरलेला नायट्रोजन हवेत गेल्यावर बुडबुडे धरतो. नियमावलीतला हा सर्वांत कठीण काळ. अठरा तास जमिनीवर करायचं काय, याची सवयच उरलेली नसते. सामान बांधून झालं, गाडी विकून झाली आणि तरीही वेळ उरला, तर कुंपणापाशी जाऊन बकऱ्यांवाल्या काकांना त्यांचं नाव विचारायला हरकत नाही. तुमचं नाव त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे.