खरवडण्याआधी स्पिरिटचा एक बोळा

।। श्री ।।

कोलकाता, आषाढ

तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. पणजोबांचं सागवानी कपाट गणपतीच्या आत पार लाकडापर्यंत खरवडायचं आणि वर मेलामाइन मारून आरशासारखं चमकवायचं, असा बेत चिपळुणात शिजलाय हे कळलं. हावड्याच्या पुढचा सगळा मुलूख तुमच्या हिशेबी परदेशच असल्यामुळे, परदेशस्थांच्या रिवाजाप्रमाणे न मागितलेला सल्ला देणं आमचं कर्तव्य ठरतं. सल्ला एवढाच: कपाट पुसा, खरवडू नका. बाकीचं पत्र म्हणजे त्याचं समर्थन आहे. ते काकूंनी मोठ्याने वाचावं, म्हणजे तुम्हाला मध्येच उठता येणार नाही.

मुळात त्या लाकडावर काय आहे ते आधी ठरवायला हवं. त्या काळच्या घरातल्या फर्निचरवर बहुधा चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश असे. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरचा किडा तयार करतो, आणि आमच्या पुरुलिया जिल्ह्यातली झालदा, बलरामपूर ही गावं तिच्याच धंद्यावर नावारूपाला आली. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली खास लाखेसाठी संशोधन संस्था निघाली. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली इथे सियालदहला कारखाना काढला, त्या तबकड्यांतही लाखच असे. म्हणजे माळ्यावरच्या बालगंधर्वांच्या तबकड्या आणि खालचं कपाट हे एकाच किड्याचे उपकार. तबकडीचा आवाज खरखरतो म्हणून तिच्यावर कोणी पॉलिशपेपर फिरवत नाही. कपाटाने काय पाप केलंय?

लाखेचा मोठा गुण असा की ती स्पिरिटमध्ये कधीही पुन्हा विरघळते. नवा हात मारला की त्यातलं स्पिरिट खालच्या जुन्या थराला मऊ करतं आणि दोन्ही मिळून एक होतात. त्यामुळे चरा पडला, पांढरा डाग आला, तरी तेवढीच जागा दुरुस्त होते. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) एकदा वाळलं की स्पिरिटला दाद देत नाही. पाच-दहा वर्षांनी त्याचा पापुद्रा सुटला की सगळा थर घासून काढण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि दर घासणीला थोडं सागवान कमी होतं. टिकाऊ म्हणून जे लावायचं तेच लाकडाला झिजवतं, हा हिशेब आम्हाला तरी जुळत नाही.

तुम्ही म्हणाल, कपाट काळंकुट्ट झालंय त्याचं काय? तो काळेपणा बराचसा चुलीच्या धुराचा, उदबत्तीचा आणि तीन पिढ्यांच्या तेलकट हातांचा आहे. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा, पुसा, लगेच कोरडं करा. चिकटा राहिला तर थोडं टर्पेंटाइन. मग मागच्या बाजूला, पाहुण्यांना दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. बोळा तांबूस झाला आणि जागा बोटाला चिकट लागली तर ती लाख. तसं असेल तर जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस गुंडाळून त्याचा बोळा करा, पातळ पॉलिशमध्ये भिजवा, टोकाला तेलाचा एक थेंब लावा आणि न थांबता गोलगोल फिरवा. थांबलात की बोळा तिथेच चिकटतो. बोलत बोलत करायचं हे काम नव्हे, म्हणून अड्ड्याशिवाय, म्हणजे गप्पांच्या बैठकीशिवाय, न जगणारे आमचे शेजारी ते मिस्त्रीवर सोपवतात आणि स्वतः शेजारी बसून बोलतात.

दुसरा आक्षेप असा की लाख नाजूक असते. मान्य. गरम कप ठेवला की वर्तुळ उमटतं, दारू सांडली तर पॉलिशच उठतं. जेवणाच्या टेबलाला पीयू मारलंत तर आम्ही चकार शब्द काढणार नाही. पण कपाटावर कोणी पिठलंभात वाढत नाही, आणि त्याच्यावर दारू सांडत असेल तर प्रश्न पॉलिशचा नाही, काकूंच्या अखत्यारीतला आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: कपाटाचं मागचं दार कोणीतरी हिरव्या ऑइलपेंटने रंगवलंय. तो रंग काढावाच लागेल, पण कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं सर्रास असे. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत नव्वद भागांपुरतं मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. कॉस्टिक सोड्याचा मोह नको. तो सागवान काळवंडवतो आणि सांध्यातला सरस सोडवतो. रिमूव्हर आणलात तर डब्यावर मेथिलीन क्लोराइड लिहिलंय का ते बघा. त्याच्या वाफेने बंद खोलीत माणसं दगावली, म्हणून अमेरिकेने २०१९ साली त्याची घरगुती विक्री बंद केली. दुसरा रिमूव्हर घ्या, दार पडवीत काढा, मुलांना लांब ठेवा, रंग ओला असतानाच बोथट पत्र्याने उतरवा आणि चोथा कागदात गुंडाळून टाका.

राहता राहिला मुहूर्त. हवेच्या बाबतीत चिपळूण आणि कोलकाता सख्खी भावंडं आहेत. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि पॉलिश दुधासारखं पांढरं होतं. इथेही पुजोच्या, म्हणजे दुर्गापूजेच्या, आधी अख्ख्या शहराला पॉलिश आठवतं, तेव्हा घाईचा दोष एकट्या कोकणाचा नाही. गणपतीला कपाट नुसतं पुसलेलं चालेल. बाप्पाची नजर मोदकांवर असते. पॉलिश थंडीत करा.

शेवटचा मुद्दा इतिहासाचा. १७४२ साली मराठ्यांच्या धाकाने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. बागबाजारात त्या नावाची गल्ली अजून आहे आणि इथली माणसं आम्हाला बर्गी, म्हणजे मराठे लुटारू, म्हणून चिडवतात. पण त्या बर्ग्यांनी निदान परक्यांचं लुटलं. पॉलिशपेपर घेऊन स्वतःच्याच पणजोबांवर स्वारी करणारे तुम्ही पहिले.

इतकं वाचूनही मेलामाइनच हवं असेल, तर बाजारातून प्लायवूडचं कपाट आणून त्याला खुशाल मारा आणि जुनं आमच्याकडे रवाना करा. रसेल स्ट्रीटवरचं रसेल एक्स्चेंज १९४० पासून असल्या वस्तूंचे लिलाव करतंय, आणि न खरवडलेल्या सागवानाला गिऱ्हाईक आहे. पैसे अर्थात तुम्हालाच पाठवू, रेल्वेचं भाडं आणि सल्ल्याची फी वजा करून.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचे,
कोलकातावासी बर्गी