आत्या, पट्टा आणि तेरा पॉइंट

पुण्यात गाडी शिकलेल्या माणसाची सिडनीत पहिली पंचाईत ही होते, की हुज्जत घालायला कोणी सापडतच नाही. तिकडे चौकात मामा असायचे. ‘मामा, दवाखान्यात निघालोय’ म्हटलं, की निदान बोलणं तरी सुरू व्हायचं. इथे खांबावर कॅमेरा. तो शिट्टी मारत नाही, अडवत नाही. आपण मजेत घरी पोचतो आणि काही दिवसांनी पत्र येतं. त्यात दंड, आणि दंडाच्या शेजारी पॉइंट.

दंडाचं मला फारसं वाटत नाही, तो बायको भरते. पॉइंट मात्र ज्याचे त्यालाच. न्यू साउथ वेल्समध्ये तीन वर्षांत 13 जमले की लायसन्स निलंबित. पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्यांना एक जादा मिळतो, लाल ‘पी’ची पाटी लावलेल्या नवशिक्यांना मात्र चारातच घरी बसवतात. आमची कन्या लाल पाटीवाली. तिच्या खात्यावर शून्य आहे, हे ती शक्यतो जेवताना सांगते.

माझं खातं उघडलं ते शाळेपाशी. शाळेच्या दिवसांत सकाळी 8 ते साडेनऊ आणि दुपारी अडीच ते 4 तिथे ताशी 40. मी 47ने गेलो आणि 2 मिळवले. पुढचे 3 कोपराचे. खिडकीबाहेर कोपर टेकवून गाडी चालवणं हा इथे गुन्हा आहे. आमच्या घराण्यात सगळे पुरुष असेच चालवतात. आजोबांच्या बैलगाडीला तर खिडकीच नव्हती.

मग ईस्टर आला आणि मेव्हणाही आला. आपल्याकडे सणाला साड्यांवर सूट असते, इथे सणाला शिक्षा दुप्पट. लाँग वीकेंडला वेग, मोबाइल, सीटबेल्ट आणि हेल्मेट या गुन्ह्यांचे पॉइंट दुपटीने लागतात. किआमाला खडकातून उसळणारं समुद्राचं पाणी बघायला निघालो होतो. मेव्हणा म्हणाला, “भावजी, एवढा रस्ता दिलाय आणि तुम्ही असे?” मर्यादेच्या वर दहापेक्षा जास्त गेलं की 3, ते झाले 6. एकूण 11. तरी मी निश्चिंत होतो. अजून एक हातचा होता.

त्यानंतर साताऱ्याहून आत्या आली. वडीलधारी म्हणून तिला पुढच्या सीटवर बसवलं. एका बारशाला निघालो होतो. अंगावर पैठणी, मांडीवर डबा. पट्ट्याने पदर चुरगळतो म्हणून तिने पट्टाच गुपचूप पाठीमागे सारला. वाटेत मोबाइल पकडणारे कॅमेरे आहेत, ते 1 जुलै 2024 पासून सीटबेल्टही तपासतात. शेजारच्याने पट्टा नीट लावला नाही तर 3 पॉइंट ड्रायव्हरला. फोटोत मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पट्टा लावून, पंचांगावरच्या देवासारखा बसलोय. आत्याने तो निरखून पाहिला. “बाळ्या, किती छान आलाय रे! पैठणीचा काठ पण दिसतोय. साताऱ्याला पाठव.”

चौदा. म्हणजे तीन महिने गाडी बंद. पण सरकार दयाळू आहे. निलंबन सुरू व्हायच्या आत अर्ज केला, तर त्याऐवजी वर्षभर चांगली वर्तणूक ठेवायची मुभा मिळते. त्या वर्षात एक पॉइंट चालतो. दोन झाले की निलंबन दुपटीचं. कन्या म्हणाली, “बाबा, तीन महिने घ्या.” मी वर्ष घेतलं. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक : चांगली’ असं हेडमास्तरांच्या सहीनिशी लिहिलंय, ते उगाच नाही.

मग मी असा चालवू लागलो, की माझ्यामागे नेहमी वरात. नातलगांना निरोप देताना हॉर्न वाजवणं हाही इथे गुन्हा. त्याला दंड आहे, पॉइंट नाहीत, तरी मी तोही सोडला. आत्या विमानतळावरून परत गेली ती “साधा पोंपों पण केला नाही” असं म्हणत.

ऑक्टोबरात लेबर डेचा लाँग वीकेंड आणि नवरात्र एकत्र आले. एकीच्या अंगणात भोंडला, डिकीत बायकोचा खिरापतीचा डबा, आणि आम्हाला उशीर. मी पाचने जास्त गेलो. एरवी त्याला एकच पॉइंट, तेवढा माझ्या वर्षात बसला असता. पण सुट्टी होती. एकाचे दोन झाले, आणि त्या दोनांनी तीन महिन्यांचे सहा केले. बायको एवढंच म्हणाली, “दोन गाणी चुकली असती. पाटावरचा हत्ती काही उठून जाणार नव्हता.”

तेव्हापासून मी बसने जातो. परवा पावसात स्टॉपवर उभा असताना एक गाडी डबक्यातून गेली आणि माझी पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. बसच्या प्रवाशांवर चिखल उडवला तर या राज्यात दंड होतो. मी इतका कायदा शिकलोय, की वकिलीला बसू शकेन. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. काच खाली आली, कोपर बाहेर आलं. “सॉरी काका!” चक्क मराठीत.

चिखल अधिक कोपर, अशी मनातल्या मनात बेरीज सुरू केली, तेवढ्यात तो निघाला. निघताना आपुलकीने दोनदा हॉर्न वाजवला.