किहीमला किहीमकर कोण?

आडनावाचं मूळ शोधायला निघालेल्या माणसाला मुळाशी राजा हवा असतो, निदान सरदार तरी. स्कॉटलंडात ही हौस भारी. मॅकग्रेगर म्हणवणाऱ्याला आपल्या अंगात टोळीप्रमुखाचं रक्त खेळतंय असं वाटतं. वास्तविक प्रमुखाच्या आश्रयाला आलेली कितीतरी कुळं त्याचंच नाव लावीत. आणि १६०३ मध्ये हे आडनाव लावायलाच बंदी आली, तेव्हा खऱ्या मॅकग्रेगरांना दुसऱ्यांची आडनावं घ्यावी लागली. मरे मंडळी 'मोरे' प्रांतातली. नुसतं स्पेलिंग वाचून त्यांचं जावळीच्या मोऱ्यांशी नातं जुळवणारा संशोधक आपल्याकडे अजून कसा निघाला नाही, कोण जाणे.

रायगडच्या किनाऱ्यावर अशी राजाबिजाची सोय नाही. चौलकर, नागावकर, थळकर, रोहेकर: सगळी एसटीच्या थांब्यांची यादी. म्हणून 'आमचं मूळ चौलचं' एवढ्यावर लोक शोध आटोपतात. पण अशा आडनावावरून पूर्वज तिथे राहत होता यापेक्षा तो तिथून निघाला, हे जास्त पक्कं कळतं. किहीमला उभं राहून 'अहो किहीमकर' अशी हाक मारली तर अख्खा गाव ओ देईल. गावाचं नाव उपयोगी पडतं ते परगावी. कोकणातल्या ज्यूंचं, म्हणजे बेने इस्रायल लोकांचंच बघा. त्यांच्यात मुळात स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढ्यावर भागे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' अठराव्या शतकात मुंबईकडे सरकू लागले, आणि मागे सोडलेल्या गावांची नावं त्यांना चिकटली. १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले, जमातीचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर, आणि 'बूट पॉलिश' सिनेमातले जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, चेऊलकर. खुद्द अलिबागचे आंग्रेही मूळचे संकपाळ. आंगरवाडीवरून आंग्रे झाले.

कुणी म्हणेल, नागावातच नागावकर राहतात, त्यांचं काय? मुंबईच्या चुलत्याने लावलेलं आडनाव मनीऑर्डरबरोबर गावी परत येतं आणि शाळेच्या दाखल्यावर चढून बसतं. आडनावावरून जात ओळखणाऱ्यांची तर पंचाईतच, कारण दिवेकर हिंदूही आहेत आणि बेने इस्रायलीही. 'मी काय अलिबागहून आलोय?', म्हणजे 'मी काय मूर्ख आहे?', या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये उच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली. बरंच झालं. विचारणारा अलिबागशेजारचा आवासकर असला तर उत्तर त्याच्या रेशनकार्डावरच असतं.

माझ्या म्हणण्याला खरी अडचण इस्रायलची. तिकडे गेलेली बेने इस्रायल मंडळी लोद, अश्दोद, दिमोना इथे वसली. तेव्हा दिमोना सोडून तेल अवीवला आलेला माणूस नियमाप्रमाणे दिमोनकर व्हायला हवा. पण पासपोर्ट हा प्रकार आल्यापासून आडनावांनी प्रवास थांबवला आहे. माणसं तेवढी हिंडतात.