कुंपणापलीकडची मुमताज

“काय गं, शनिवारी क्लबात रेट्रो पार्टी आहे म्हणे? तुझ्या सासूबाई सकाळी दूधवाल्याला सांगत होत्या. काय घालणार आहेस?”

“ठिपक्यांचा ब्लाउज, काकू. पोटाशी गाठ मारलेला. भाड्यानं मिळतो. वर साधना कट आणि हा एवढा गॉगल.”

“म्हणजे डिंपल, साधना आणि झीनत अमान, तिघी एकाच अंगावर? ‘बॉबी’ १९७३चा. झीनतचे गॉगल आणि माळा ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या, ते १९७१. आणि साधनाच्या केसांना तोवर दहा वर्षं उलटून गेलेली. मागच्या खेपेला चौघीजणी बॉबी होऊन आल्या होत्या, आठवतंय ना? फोटोत कोण कुठली ते अजून कळत नाही. थांब, नळ बंद करते, जास्वंदीत तळं झालंय.

“तर ते साधनाचे केस. ‘लव्ह इन सिमला’, १९६०. तिचं कपाळ रुंद, पडद्यावर ते जास्तच दिसायचं. दिग्दर्शक आर. के. नय्यर म्हणाले, ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं काप आणि कपाळ झाक. सिनेमा लागला आणि घरोघरच्या पोरी कात्री घेऊन आरशापुढं! पुढं १९६६ साली साधनानं लग्न कुणाशी केलं? याच नय्यरांशी. कपाळी लिहिलेलं म्हणतात ते हे असं.”

“अय्या, खरंच? मग साधनाच होऊ का?”

“झुलपं वाढायला सहा महिने लागतील, मग बसशील पिना लावत. माझं ऐक, मुमताज हो. ‘ब्रह्मचारी’तली, १९६८ची. शम्मी कपूरबरोबर नाचते ना, ती केशरी साडी! ती कुणी केली माहीत आहे? आमच्या कोल्हापूरच्या भानूनं. माहेरची राजोपाध्ये, लग्नानंतर अथय्या. ‘गांधी’साठी १९८३ साली ऑस्कर मिळालं तिला, भारतात आलेलं पहिलंवहिलं. म्हातारपणी ती बाहुली तिनं २०१२ साली अकादमीकडं परत पाठवली, इथं नीट जपली जाणार नाही म्हणून. लागायचं ते लागलं लोकांना, पण बाई पक्की व्यवहारी. ‘वक्त’मध्ये साधनाला अंगाबरोबर बसणारे कुडते-चुडीदार दिले ते हिनंच. कोल्हापूरचं माणूस म्हटलं की मला राहवत नाही, काय करू?”

“पण काकू, तशी साडी मला कशी नेसता येणार?”

“नेसायची नाहीच मुळी, शिवायची! नेसत्या साडीत तशी उडी मारलीस तर पहिल्या कडव्यालाच निऱ्या हातात येतील. सासूबाईंच्या कपाटात जॉर्जेटची केशरी नाहीतर लाल साडी असेलच. गोड बोलून माग, ‘कापणार नाही’ म्हणून शपथ घे. खाली घट्ट परकर घाल. त्यावर साडी गुडघ्यापासून कमरेपर्यंत तिरकी गुंडाळत आण, प्रत्येक फेऱ्याला जरीचा काठ दिसला पाहिजे. परकरालाच कच्चे टाके घाल आणि एका बाजूला चेन बसव. कोपऱ्यावरचा टेलर एका दिवसात करून देईल, फक्त त्याला ते गाणं मोबाईलवर दाखव. नुसतं सांगितलंस तर गणपतीतल्या गौरीसारखी नेसवून पाठवेल.

“केस मागून उलटे विंचर, म्हणजे फुगतील. वर अंबाडा, हवं तर आत गंगावण घाल. लायनरची शेपटी डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडं वर ओढायची. तिथं कंजुषी नको.”

“आणि गॉगल?”

“तो घरी ठेव गं. अर्धा तास खपून डोळे रंगवायचे आणि वर काळी काच लावायची, याला काही अर्थ आहे का?”